दौलताबादचा हौद, नळदुर्गचा पाणी महाल आणि आमची सहल

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल एका वॉटर पार्कला गेली होती. पार्कचं नाव लिहीत नाही आणि शाळेचंही नाही. दोन्ही ठिकाणी जे घडलं ते आता जिथे तिथे घडतं, एकाला धरून काही उपयोग नाही. शाळा धाराशिव जिल्ह्यातली आहे आणि मी तिथे इतिहास शिकवतो, एवढं पुरे.

तिकिटाच्या खिडकीवर काही अडचण आली नाही. पैसे आधीच भरले होते. मनगटाला कागदी पट्टे बांधून मुलं आत गेली. अडचण आली पाण्याच्या कडेला. तिथल्या माणसाने मुलींकडे बघून सांगितलं, नायलॉनचा पोशाख असेल तरच पाण्यात उतरता येईल, सुती कपडे चालणार नाहीत. सलवार-कमीज तर नाहीच. पोशाख भाड्याने मिळतो, भाडं वेगळं, अनामत वेगळी. अनामतीचे पैसे एकवेळ मी भरलेही असते. पण भाड्याचे पोशाख गुडघ्याच्या वर संपणारे. अकरा मुली पत्र्याच्या शेडखाली बसून राहिल्या. त्यात सात आमच्या, मुसलमानांच्या. उरलेल्या चार नव्हत्या, पण त्यांच्या आयांनीही घरून निघताना तेच बजावलं होतं जे आमच्या आयांनी बजावलं होतं. त्या अकराजणींत माझी भाचीही होती. ती म्हणाली, "मामू, जाने दो. हम यहाँसे देखते." तिने हे इतक्या समजूतदारपणे म्हटलं की मला जास्त राग आला.

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात एक लेख लिहून काढला. मुसलमान मुलींना पाण्यापासून दूर ठेवणाऱ्या नियमाबद्दलचा तो लेख होता आणि खोटं सांगत नाही, चांगला जमला होता. इथे टाकला असता तर तुम्हा वाचकांपैकी निम्म्यांनी शाबासकी दिली असती आणि उरलेल्या निम्म्यांनी बुरख्यावरून चार शब्द सुनावले असते. मग आठ दिवस आपण त्यात गुंतलो असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेतली आणि तो लेख गळून पडला.

पटावर एकेचाळीस नावं. सहलीला आली होती तेवीस. जी आली नाहीत त्यांच्यातल्या काहींनी वर्गणी परवडत नाही असं आधीच सांगितलं होतं, काहींनी पोटात दुखत असल्याचं. पोटात दुखणं म्हणजे काय ते प्रत्येक मास्तराला माहीत असतं. आणि पाच मुली तर दिवाळीपासूनच शाळेत नव्हत्या. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. कोण पश्चिम महाराष्ट्रात, कोण खाली कर्नाटकात. आमच्या वाशी-भूम-कळंब भागात ज्या महिन्यांत ऊसतोड असते, बरोबर त्याच महिन्यांत शाळांच्या सहली निघतात. ही गोष्ट मी इतकी वर्षं नोकरी करूनही एकदाही जोडून पाहिली नव्हती. सहलीला न आलेल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला विचारलं, "सर, तिथं समुद्रासारख्या लाटा येतात म्हणं. खरं का?"

म्हणजे याद्या दोन होत्या. एक दारातून आत जाऊन पाण्यापाशी अडवलेल्यांची. दुसरी त्या दारापर्यंतच न पोचलेल्यांची. मी पहिलीचाच विचार करत होतो, कारण तिच्यात माझी भाची होती.

इतिहास शिकवणाऱ्याला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, मागे जाऊन बघणं. मौजेच्या जागा आपल्या भागात आजच्या नाहीत. त्यांच्या दारावर कोण उभं असायचं आणि आत कोण असायचं?

सुरुवात घरापासून करतो. नळदुर्ग आमच्यापासून जवळ. अब्बा मला सायकलच्या दांडीवर बसवून किल्ल्यावर घेऊन जायचे. तेव्हा तिकीट आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. आत शेळ्या चरायच्या आणि उपळी बुरुजावर चढून पोरं तोफेवर बसायची. दादीला मात्र त्या जाण्याचं कधी कौतुक नव्हतं. "उधर क्या है रे देखनेकू? पत्थर!" असं ती म्हणायची. पण बोरी नदीला पाणी आलं आणि नर-मादी सुरू झाले की तीसुद्धा एकदा तरी चल म्हणायची.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळदुर्गच्या किल्ल्याला बोरी नदी बिलगून आहे. पलीकडे रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला. दोन्हींच्या मधे आदिलशाहीत दगडी धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटात महाल काढला. हाच पाणी महाल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं, १६१३च्या सुमाराचं हे काम. बांधणाऱ्याचं नाव मीर मुहम्मद इमादीन असं सांगितलं जातं. नदी भरली की धरणावरून पाणी दोन सांडव्यांतून खाली कोसळतं, एक नर आणि एक मादी. महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा, कानात त्याचा आवाज आणि अंगावर एक थेंब नाही. जगात कुठल्याही पार्कवाल्याने पैसे घालून केलं तरी याच्यापुढे ते फिकं पडेल असं माझं मत आहे. ते पक्षपाती आहे, हेही मान्य.

आदिलशाहांना पाण्याच्या खेळाचा शौक होताच. विजापूरच्या पूर्वेला कुमटगी गावात तलावाकाठी त्यांचे विहारमहाल आहेत. तिथे खापरी नळांतून पाणी चढवून छतातून कारंजी सोडण्याची सोय होती आणि भिंतींवर चित्रं होती. चारशे वर्षांपूर्वीचं ते वॉटर पार्कच की. आम्ही मराठवाड्यातले मुसलमान या गोष्टी अभिमानाने सांगतो. इब्राहिम आदिलशाह सरस्वतीला वंदन करणारा होता, त्याला जगद्गुरू म्हणत, हे तर आमच्या प्रत्येक भाषणात येतं. मीही सांगत आलो आहे. पण पाणी महालाची खिडकी कुणासाठी होती हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. ती सुलतानासाठी होती, त्याच्या माणसांसाठी होती. धरणावर दगड वाहिलेल्या माणसाने त्या खिडकीत बसून पाऊस पाहिला असेल तर तो चुना वाळत असतानाच्या दिवसांत. मौज ही तेव्हा दरबाराचा भाग होती आणि दरबाराला दार असतंच.

मालक बदलले तरी हे फारसं बदललं नाही. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला आणि मेडोज टेलर इथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच हा टेलर. १८५७पर्यंत तो इथे होता. नळदुर्गचं त्याला वेड लागलं, आत्मचरित्रात त्याने या जागेबद्दल प्रेमाने लिहिलं आणि पुढे चांदबिबीवरच्या 'अ नोबल क्वीन' या कादंबरीत किल्ला आणला. तुळजापूर त्याच्या 'तारा'मध्ये आहे. साहेब भला होता, लोक त्याची आठवण काढतात. पण किल्ला साहेबाच्या मुक्कामाची जागा होती, रयतेच्या सहलीची नव्हती. १८६०मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला.

आता दौलताबादला जाऊ. तो किल्लाही त्याच निजामाच्या राज्यात, आमच्यापासून शंभर कोसांच्या आत. आणि इथे जी गोष्ट घडली ती आमच्या घरात कधी सांगितली गेली नाही.

१९३४ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस माणसं, वेरूळची लेणी पाहायला निघाली होती. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचं ठरलं. प्रवासी म्हणून, हौशी माणसं म्हणून ते निघाले होते. सभा नव्हती, सत्याग्रह नव्हता, सहल होती. हे मी मुद्दाम सांगतो. आपण बाबासाहेबांना नेहमी व्यासपीठावर बघतो, सहलीला निघालेले बाबासाहेब आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ही हकिगत लिहिली आहे. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर एक छोटा हौद काठोकाठ भरलेला होता, भोवती फरसबंदी होती. प्रवासात सगळ्यांच्या अंगावर धूळ चढलेली. काहींनी त्या फरशीवर उभं राहून तोंड धुतलं, पाय धुतले. मग सगळे दाराशी गेले. आत जाण्याची परवानगी कशी मिळते हे ते पहारेकऱ्याला विचारत होते, तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ ओरडत आले की अस्पृश्यांनी हौद बाटवला. ते मुसलमान होते. बघता बघता तरुण-म्हातारे सगळे जमले, शिव्या सुरू झाल्या. या लोकांना माज आलाय, धडा शिकवला पाहिजे, अशी भाषा झाली. आम्ही परगावचे आहोत, इथला रिवाज आम्हाला ठाऊक नाही असं सांगितल्यावर तो राग स्थानिक अस्पृश्यांकडे वळला, यांना तुम्ही सांगितलं का नाही म्हणून. शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला. त्यांनी जमावाला विचारलं की हेच तुमचा धर्म शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्याला अडवाल का. जमाव गप्प झाला. मग त्यांनी पहारेकऱ्याकडे वळून, आत जाता येईल की नाही ते सांग, असं विचारलं. नाव लिहून आत पाठवलं. परवानगी आली, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि अट पाळली जाते की नाही हे बघायला सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला.

पुढच्या ओळी लिहायला मला दोन दिवस लागले.

धुळीने माखलेला माणूस हौदावर येतो, तोंड धुतो, हात धुतो, पाय धुतो. हे दृश्य आम्ही दिवसातून पाच वेळा पाहतो. वुजू म्हणजे दुसरं काय असतं? रोजाचा महिना होता, म्हणजे त्या जमावातल्या बहुतेकांनी त्या दिवशी स्वतः हेच केलेलं असणार. तीच कृती, तसंच पाणी, तेच हातपाय. आणि तरीही त्या वृद्ध गृहस्थांना समोर दिसली ती जात. आमच्यात जात नाही असं आम्ही छातीठोकपणे सांगतो. त्या हौदाच्या काठी ती होती आणि ती आम्ही राखत होतो. निजामाचं राज्य आमचं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही आपलं म्हणून घ्यावं.

महाडची गोष्ट आम्ही सांगतो. १९२७च्या मार्चमध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर मारहाण झाली तेव्हा मुसलमानांच्या घरांनी जखमींना आसरा दिला, आणि डिसेंबरातल्या परिषदेसाठी कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. ही गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखी आहे. आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला बाबासाहेब १९४१च्या फेब्रुवारीत येऊन गेले, ती आठवणही गावोगाव जपलेली आहे आणि त्या कार्यक्रमांत आम्हाला बोलावलं की आम्ही फत्तेखानांचं नाव घेतो. दौलताबादचं नाव मी कुणाच्याही भाषणात ऐकलेलं नाही. माझ्याही नाही.

त्या अनुभवानंतर सोळा वर्षांनी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग मी वर्गात फळ्यावर लिहून घेतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात आणि सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्यापासून अडवता येणार नाही, असं तो सांगतो. तसंच सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्या वापरालाही. मूलभूत हक्कांत करमणुकीची जागा का घातली असेल, असं मुलं विचारतात. पोट भरण्याचे, शिकण्याचे हक्क समजतात, मौजेचा हक्क कशाला? दौलताबाद वाचल्यावर उत्तर द्यावं लागत नाही. कलमात तळी आहेत, करमणुकीची ठिकाणं आहेत, आणि मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता हे सगळ्यांना माहीत आहे. १९४८च्या नोव्हेंबरात घटना समितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा दुकान म्हणजे नक्की काय, धोबी आणि न्हावी त्यात येतात का, असं विचारलं गेलं. त्यावर आंबेडकरांचं म्हणणं होतं की जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो, हा शब्द मोठ्या अर्थानेच घ्यायचा. पुढे १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अशा अडवणुकीला शिक्षा ठरवली.

करमणुकीचं दार ही किरकोळ बाब नाही हे जगात इतरांनाही कळलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं त्यात अटलांटाच्या फनटाउन या पार्कचा उल्लेख आहे. टीव्हीवर त्याची जाहिरात पाहून त्यांची सहा वर्षांची मुलगी तिथे जायचं म्हणाली आणि काळ्या मुलांना तिथे प्रवेश नाही हे बापाला तिला सांगावं लागलं. अख्ख्या पत्रात मला सर्वांत लक्षात राहिलेली जागा ही. त्याच वर्षी २८ ऑगस्टला, म्हणजे वॉशिंग्टनच्या मोर्च्याच्याच दिवशी, बाल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कचं दार काळ्या लोकांना उघडलं. त्यासाठी आधी शेकडो लोकांनी अटक करून घेतली होती. पाळण्यात बसण्यासाठी तुरुंगात जावं लागलं, असंही याचं वर्णन करता येईल, आणि ते चुकीचं नाही.

पण पंधराव्या कलमातली ती यादी पुन्हा वाचा. धर्म आहे, वंश आहे, जात आहे, लिंग आहे, जन्मस्थान आहे. खिसा नाही. आणि नसणारच. दुकानदाराने माल फुकट द्यावा असं कुठलीही घटना म्हणू शकत नाही. माझी तक्रार घटनेकडे नाही. मला एवढंच दिसतं की १९३४मध्ये जे काम शिपाई करत होता ते आता खिडकी करते आणि खिडकी कुणाला जात विचारत नाही. माझ्या वर्गातली जी अठरा मुलं मागे राहिली त्यांची आडनावं मी एका कागदावर लिहून पाहिली. ती इथे लिहीत नाही. आमच्या भागातला कुणीही वाचक डोळे मिटून ती यादी करू शकेल आणि चार-दोन नावांचाच फरक पडेल. त्यात आमचीही होती. सहलीला आलेल्या सात मुसलमान मुलींपेक्षा न आलेल्या मुसलमान मुलामुलींची संख्या एकाने जास्त होती. पोशाखाच्या नियमावर लिहिताना मी या आठांना विसरलो होतो.

आमच्या लहानपणी मौज म्हणजे उरूस आणि जत्रा. धाराशिवला हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाझींचा उरूस, येरमाळ्याला चैत्रात येडाईची यात्रा, नवरात्रात तुळजापूर. उरुसात पाळणे, मौत का कुआँ, आरसेमहाल, बर्फाचा गोळा. प्रत्येक गोष्टीला पैसे पडायचेच, फुकट काही नव्हतं. पण पैसे पाळण्यात बसायचे होते, पाळणा बघायचे नव्हते. उरुसाला फाटक नव्हतं. ज्याच्या खिशात चार आणे तो एकदा बसायचा, ज्याच्या खिशात काही नाही तो रात्रभर खाली उभा राहून वर गेलेल्यांच्या किंकाळ्या ऐकून हसायचा, आणि दोघे दुसऱ्या दिवशी शाळेत एकाच उरुसाबद्दल बोलायचे. जत्रा सगळ्यांना सारखी होती असं म्हणणार नाही. गावकुसाबाहेरच्यांना तिथे कुठवर येऊ देत होते हे त्यांच्याच लोकांना विचारावं, माझ्या आठवणीने त्यांची साक्ष देऊ नये.

नव्या पार्कांनी फाटक आधी उभं केलं. मुंबईजवळ गोराईला १९८९मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं तेव्हा ती जाहिरात आमच्या गावातल्या एकुलत्या टीव्हीवर दिसायची आणि आम्ही ती पाठ म्हणायचो. जाण्याचा प्रश्नच नव्हता. २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका झालं. आता एकच मोठं तिकीट काढायचं आणि आतले सगळे खेळ खेळायचे, अशी रीत आहे. वर बऱ्याच ठिकाणी जादा पैसे भरले की वेगळ्या, लहान रांगेतून पुढे जाता येतं. आत पोचलेल्यांतही पुन्हा दोन दारं. आणि घरची भाकरी आत न्यायची नाही. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये म्हटलं की मालक बाहेरचं खाणं बंद करू शकतो, मात्र प्यायचं स्वच्छ पाणी मोफत दिलं पाहिजे. पाण्यापुरतं तरी दौलताबादपासून आपण इथवर आलो, हे खरं आहे.

यावर मालक म्हणतील, खाजगी धंदा आहे. ठीक. पण सार्वजनिक जागांचं काय? मुंबईची राणीची बाग १८६२पासूनची. पिढ्यान् पिढ्या गिरणगावातलं पोर हत्ती बघायला तिथे गेलं. २०१७मध्ये महापालिकेने तिचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास केलं, चार माणसांच्या कुटुंबाला शंभर. पेंग्विन आले होते, खर्च वाढला होता, हिशोब कळतो. पण पन्नास रुपये ज्याला दिसतही नाहीत आणि ज्याला दिसतात, अशी दोन माणसं एकाच रांगेत उभी असतात. आमच्या नळदुर्गलाही राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून खाजगी कंपनीच्या हाती देखभाल गेली, बाग झाली, बोटी आल्या, तिकीट आलं. किल्ला स्वच्छ झाला. याला मी नावं ठेवणार नाही. शेळ्या चरत होत्या तेव्हा भिंती ढासळत होत्या आणि आम्ही तोफेवर बसून नावं कोरत होतो, त्यातलं एक माझं असण्याची शक्यता आहे. फुकट म्हणजे जपलेलं, असं होत नाही. तरीसुद्धा पाणी महालाचं दार आधी सुलतानाला उघडं होतं, मग साहेबाला, मग काही वर्षं ज्याला त्याला, आणि आता खिडकीवर पैसे देणाऱ्याला, हा क्रम मी यंदा पहिल्यांदा फळ्यावर लिहिला.

फेब्रुवारीत शाळेच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. पुढच्या वर्षी पाण्याच्या ठिकाणी जायचं असेल तर पोशाखाचं आधी विचारून घ्यावं, ही पहिली. ती लगेच मंजूर झाली. सहल ऊसतोडीच्या महिन्यांत नेऊ नये, ही दुसरी. त्यावर बरीच चर्चा झाली. पावसाळ्यात सहल नेणं धोक्याचं, उन्हाळ्यात परीक्षा, आणि तेवढ्या पाचजणींसाठी वेळापत्रक कसं बदलणार? सहकारी वाईट नाहीत. त्यांचे प्रश्न खरे होते. निर्णय पुढे ढकलला गेला.

ऑगस्टमध्ये बोरी धरण भरून सांडलं आणि नर-मादी सुरू झाल्याच्या बातम्या फोनवर फिरू लागल्या. ऊसतोडीची माणसं त्या महिन्यांत घरी असतात. एका रविवारी, शाळेची सहल म्हणून नाही, आपापल्या जबाबदारीवर, आम्ही एसटीने नळदुर्गला गेलो. मी, माझी भाची, त्या पाचपैकी चारजणी आणि त्यांच्यातल्या दोघींच्या आया. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, बारा वर्षांखालच्या मुलींना अर्धं, त्यामुळे माझा खर्च माझ्या अंदाजापेक्षा कमी झाला. पाचवी आली नाही. तिच्या घरी मुकादम उचल द्यायला येणार होता आणि लहान भावाला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

किल्ल्यावर जत्रेसारखी गर्दी होती. सोलापूरचे, उमरग्याचे, कर्नाटकातले लोक. तिकीट काढून आत गेलो. भाकरी सोबत होत्या. पाणी महालाच्या खिडकीत जायला रांग होती, एकच, सगळ्यांची. मुलींपैकी एकीची आई खिडकीपाशी पोचली आणि तिथून हलेना. मागचे ओरडायला लागले. पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू येत नव्हतं किंवा ती ऐकत नव्हती. शेवटी माझी भाची पुढे गेली आणि तिने मागच्यांना हात करून थांबवलं.

परत येताना बसस्टँडवर त्या बाईंनी मला विचारलं, हे बांधलं कुणी. मी आदिलशाहाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचं नव्हं सर. दगड कुणी आनले?"